गाळ्याचे माप

सकाळचा उजेड त्या खोलीत एकदम कधीच येत नसे. आधी खिडकीच्या झडपांतल्या सर्वांत वरच्या दोन पात्यांच्या कडा राखाडी होत, इतक्या हलक्या की डोळे मिटून पुन्हा उघडले तर त्या तशाच आहेत की बदलल्या हे सांगता येऊ नये. मग त्या कडांवर दुधाळपणा उतरे. मग कधीतरी, आणि नेमके कधी हे धाकट्याला इतक्या वर्षांत एकदाही पकडता आले नव्हते, समोरच्या भिंतीवर पहिली पट्टी उमटे. अंगठ्याएवढी रुंद, एका टोकाला किंचित वाकडी, कारण तिथला गिलावाच वाकडा होता. तिच्याखाली दुसरी, तिसरी. पट्ट्या भिंतीवरून सावकाश खाली सरकत, खुंटीवरच्या सदऱ्यावर तुटत, कपाटाच्या दारावर पुन्हा जुळत, आणि शेवटी फरशीवर येऊन अशा पसरत की उजेड कुठे संपला आणि नुसती फरशी कुठे सुरू झाली हे कळेनासे होई. त्यात विशेष असे काही नव्हते. रोजचाच उजेड होता, रोजच्याच धुळीतून येणारा. पण धाकटा तो रोज पाहत असे, कारण तो पाहत असेपर्यंत उठावे लागत नसे, आणि उठेपर्यंत कोणाशी बोलावे लागत नसे.

त्या दिवशी पट्ट्या सदऱ्यापर्यंत आल्या होत्या तेव्हाच आई चहा घेऊन आत आली आणि खाटेच्या कडेला बसली. आई बसली म्हणजे काहीतरी बोलायचे असे.

"काल दादाचा फोन आला होता," ती म्हणाली.

"मग सांगितलं का नाहीस कालच?"

"तू तोंड पाडून आलास. म्हटलं जेवू दे आधी." तिने पदराने कपाची कड पुसली. "त्याच्या कारखान्याचे लोक तीन वर्षांच्या करारावर सही मागतायत. आज संध्याकाळपर्यंत. सही केली की कुठल्या कुठे पाठवणार त्याला. म्हणाला, आई, मला सही करायची नाहीये, घरी यायचंय. पण असा नाही येणार."

"असा म्हणजे कसा?"

"तुम्ही बापलेकांनी त्याला आंधळा ठरवलंत. कारागिराला चोर म्हटलेलं परवडतं, आंधळा म्हटलेलं नाही." ती थांबली. "तू एवढंच म्हण, दवाखान्याच्या कामात चूक त्याची नव्हती. एक वाक्य. तुझ्या जिभेला काही फोड येणार नाहीत."

"नव्हती कशावरून?"

आईने त्याच्याकडे पाहिले, मग भिंतीकडे. "दोघंही माझ्याच पोटचे. मी तराजू घेऊन बसलेली नाही," असे म्हणून ती उठली, आणि चहा तसाच ठेवून गेली.

त्यांचे काम खिडक्यांच्या आतल्या झडपांचे. शहरात शटर म्हटले की लोकांना दुकानाचा खडखडणारा पत्रा आठवे आणि फोनवर निम्मा वेळ तो गैरसमज काढण्यात जाई. यांच्या झडपा लाकडी, खोलीच्या बाजूने लावायच्या, आडव्या पात्यांच्या. उजेड हवा तेवढा घ्यावा, नको तेवढा परतवावा. घरच्या कारखान्यात माणसे तीनच होती. धाकटा घरोघरी जाऊन मापे घेई, दादा कापून जोडी, आणि बाबा घासून, रंगवून, बसवून देत. या तिघांमध्ये एक पद्धत होती, बाबांच्या बाबांपासून चालत आलेली: खिडकीचा गाळा, म्हणजे भिंतीतली मोकळी जागा, असेल तशीच वहीत उतरायची. झडप त्या गाळ्यात फिरावी म्हणून सहा मिलिमीटरची सूट सोडावी लागते. ती सूट फक्त कापणाऱ्याने सोडायची. मोजणाऱ्याने तिला हात लावायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या दवाखान्याचे काम आले. सात खिडक्या, चौदा झडपा. तपासणीच्या खोल्यांत काळोख हवा होता. झडपा बसवल्या आणि प्रत्येक जोडीच्या मध्ये उजेडाची एक रेघ उभी राहिली. डॉक्टरांनी फक्त भिंतीवरची अक्षरे दाखवणारा दिवा विझवला आणि सगळ्यांना त्या रेघेकडे बघत उभे ठेवले. घरी आल्यावर बाबांनी वही उघडून सातही खिडक्यांचा एकच आकडा मोठ्याने वाचला: नऊशे चौसष्ट. दादाच्या म्हणण्याप्रमाणे त्याने त्यातून एकदाच सहा वजा करून नऊशे अठ्ठावन्नने काम केले होते. म्हणजे एक तर धाकट्याने वहीत सूट आधीच सोडली होती, नाही तर दादाने कापताना दोनदा सोडली होती. "मी गाळा होता तसा लिहिलाय," धाकटा म्हणाला. बाबांनी वही मिटली. मग दादाकडे वळून म्हणाले, "डोळे उघडे ठेवून कापत जा." दादाने अवजारे पुसून जागेवर ठेवली आणि आठवड्याभरात दुसऱ्या गावी, प्लास्टिकच्या झडपांच्या कारखान्यात नोकरी धरली.

तेव्हापासून मापे घेणे आणि कापणे दोन्ही धाकट्याकडे आले होते. त्याला ते हवे होते. बाबांनी आपली बाजू घेतली ही गोष्ट तो मनात अशी जपून ठेवी, जशी एखादा लाजाळू माणूस कोणीतरी कधीतरी केलेली स्तुती ठेवतो. रोज काढून पाहतो, पण कोणाला दाखवत नाही.

सकाळी दहाला तो एका निवृत्त शिक्षिकाबाईंकडे मापाला गेला. बाईंनी आयुष्यभर भूगोल शिकवला होता आणि अजूनही त्या समोरच्या माणसाला दुसऱ्या बाकावरचा समजत. खिडकीशी त्यांची वाचायची खुर्ची होती. हातात शंभर पानी वही, वर समासाची रेघ आखलेली.

"मला आधी समजावून सांगा," त्या म्हणाल्या. "ज्या वस्तूच्या भागांची नावं मला येत नाहीत ती वस्तू मी घरात येऊ देत नाही. आमच्या यजमानांचा एवढा एक अपवाद."

धाकटा हसला, त्याला हसायला वेळ लागे, पण हसला. पिशवीतून त्याने नमुन्याची लहान झडप काढली आणि खुर्चीच्या हातावर टेकवली. बोलायला तो एरवी कचरे, पण या एका विषयावर त्याची जीभ मोकळी होई.

"ही बाहेरची चौकट. ती गाळ्याच्या आत बसते आणि हलत नाही. हिला बिजागरीनं लटकतं ते पान. पानाला दोन उभ्या पट्ट्या, वर एक आडवी, खाली एक आडवी. खालची जरा रुंद, कारण भार ती घेते."

"आणि ही फळकुटं?"

"ही पाती. दोन्ही टोकांना खुंट्या असतात, त्या उभ्या पट्ट्यांच्या भोकांत फिरतात. ही मधली बारीक दांडी सगळ्या पात्यांना धरून आहे. दांडी वर केली की सगळी एकदम मिटतात."

बाईंनी दांडी वर केली, खाली केली, पुन्हा वर केली. "वर्गात अशी एक दांडी हवी होती मला," त्या म्हणाल्या. "बरं, मला सकाळचं ऊन पुस्तकावर नको, पण समोरच्या गॅलरीतले काका माझ्या ताटात काय आहे ते बघतात, तेही नको. म्हणजे वरून उघडं, खालून बंद. होतं?"

"होतं. पानाच्या मध्ये आणखी एक आडवी पट्टी टाकायची. मग दांड्या दोन. वरची पाती वेगळी फिरतात, खालची वेगळी. ती पट्टी तुम्ही खुर्चीत बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत येता कामा नये, नाही तर रोज चिडचिड होते. बसा बघू."

बाई बसल्या. त्याने भिंतीवर पेन्सिलीने खूण केली.

"आता रचना," तो म्हणाला. "खिडकी रुंद आहे, दोन पानांनी भागणार नाही, लोंबतील. तीन पानं करू. डावीकडे एक, मग उभा खांब, मग उजवीकडे जोडी. डावं पान डाव्या भिंतीवर उघडेल. जोडीतलं एक खांबाकडे मुडपेल, एक उजव्या भिंतीकडे. आणि डावं-उजवं नेहमी खोलीत उभं राहून म्हणायचं. रस्त्यावरून बघून नाही."

"नकाशा कुठून बघायचा हे आधी ठरवावं लागतं, तसंच," बाई म्हणाल्या आणि आकृती काढू लागल्या. "लिहा आता माप. मोठ्यानं बोला, मीही लिहिते. माझी दुहेरी पद्धत असते."

त्याने टेप लावली. वर, मध्ये, खाली, अशा तीन ठिकाणी रुंदी घ्यायची आणि सर्वांत लहान धरायची, कारण कुठलीही भिंत सरळ नसते. "सोळाशे बारा," तो म्हणाला. "सोळाशे चौदा. सोळाशे बारा." मग उंची. मग वही मिटू लागला, तशी बाईंनी मान उंचावून त्याच्या पानात डोकावले.

"तुम्ही बोललात सोळाशे बारा," त्या म्हणाल्या, "आणि लिहिलंत सोळाशे सहा."

"ती सूट आहे बाई. फिरायला जागा लागते, ती मी लिहितानाच सोडतो. मापही मीच घेतो, कापतोही मीच. मग दोनदा कशाला डोकं लावायचं."

"आधीपासून असंच?"

"नाही. आधी भाऊ कापायचा. तेव्हा गाळा होता तसाच लिहायचो."

"असं." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. त्यांच्या आवाजात संशय नव्हता. पेपर तपासणाऱ्याला असते तेवढेच कुतूहल होते. "मग सवय कधी बदलली? तुमचा हात थबकला नाही हो लिहिताना. जुन्या सवयीचा हात आहे तो."

त्याने टेप गुंडाळली. ती मध्येच अडकली. त्याने ती पुन्हा ओढून पुन्हा सोडली. "आठवत नाही," तो म्हणाला.

"आठवून बघा. मला काही घाई नाही, पण तुम्हाला घाम आलाय."

आठवत होते. रस्त्यावर आल्यावर त्याला ते इतके लख्ख आठवत होते की फुटपाथच्या कडेला थांबावे लागले. दवाखान्याच्या कामाच्या महिनाभर आधी त्याने बाबांना विचारले होते, मी कापायला बसू का. बाबांनी वर न बघता "आधी मापं नीट शिक" म्हटले होते आणि दादा हसला होता, वाईट नव्हे, भाऊ हसतो तसा, म्हणाला होता, "मोजपट्टी, करवत चावते बरं." दवाखान्यात टेप धरून उभे असताना ते हसू त्याच्या कानात होते. सूट किती सोडायची हे आपल्यालाही कळते, एवढे वहीतून दिसावे, असे त्याला वाटले होते की नाही? की वाटलेच नव्हते, आणि आता बाईंच्या प्रश्नाने ते मागाहून रचले जात होते? त्याने स्वतःला हा दुसरा प्रश्न विचारला आणि त्याच्या आधाराने आणखी पन्नास पावले चालला.

दवाखाना त्याच रस्त्याला होता. कंपाउंडर दारातच स्टुलावर बसला होता. त्याने लांबूनच ओळखले.

"या, काळोखवाले. आज काय, बिघाड आमचा की तुमचा?"

"एक माप बघायचं होतं. दोन मिनिटं."

"दोन वर्षांनी? आमच्या खिडक्या वाढल्यात का?" असे म्हणत त्याने पहिल्या खोलीचे दार ढकलले. "पेशंट नाहीये. घ्या मापून."

खोलीत काळोख होता, बाबांनी नव्याने करून बसवलेल्या झडपांचा, एकही रेघ नसलेला. धाकट्याने पान उघडून बाजूला केले, चौकटीच्या बाहेरच्या कडेने भिंतीपासून भिंतीपर्यंत टेप लावली. वर नऊशे सत्तर. मध्ये नऊशे सत्तर. खाली नऊशे एकाहत्तर. चौसष्ट कुठेच नव्हते. त्याने टेप उलट बाजूने धरून पुन्हा मोजले, जणू डावीकडून उजवीकडे जाताना खिडकीचे मत वेगळे पडणार होते.

"जुळलं?" कंपाउंडरने बाहेरून विचारले.

"जुळलं," धाकटा म्हणाला.

तो कारखान्यात पोचला तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. बाबा बाकावर पाती मांडून बारीक कागदाने घासत होते, एकेक उचलून कडेवरून बोट फिरवत. त्याने पिशवी खाली ठेवली. बोलायला सोपे जावे म्हणून तो त्यांच्या मागे उभा राहिला.

"बाबा, दवाखान्याचा गाळा नऊशे सत्तर आहे."

बाबांचा हात थांबला नाही. "हो."

"वहीत नऊशे चौसष्ट होतं. मी लिहिलेलं."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"चौदा झडपा पुन्हा कोणी केल्या? माझी मापं काय वरून पडली?"

ती मापे घ्यायला बाबा स्वतः गेले होते. त्यांची पिशवी धाकट्यानेच दवाखान्याच्या दारापर्यंत नेऊन दिली होती आणि तिथूनच तो परतला होता. पुन्हा मोजणाऱ्याला खरा आकडा दिसणारच, एवढी साधी गोष्ट दोन वर्षांत त्याच्या मनात एकदाही शिरली नव्हती. किंवा शिरू लागली की तो काहीतरी काम काढी.

"मग दादाला का बोललात?"

बाबांनी पाते उजेडाकडे धरून पाहिले, फुंकर मारली. "पहिल्या दिवशी मला नक्की माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी कळलं. त्याला तर आकडा ऐकताच कळलं होतं. मला बाजूला घेऊन म्हणाला, बाबा, धाकट्याला एकदा तोंडानं म्हणू दे, मग मी अक्षर काढणार नाही. मी म्हटलं, थांबू आठ दिवस. आठ दिवस तू ताटात बघून जेवलास."

"तुम्ही मला विचारायचं होतं."

"विचारलं असतं तर तू कबूल केलं असतंस, आणि मग या दारात पुन्हा पाऊल टाकलं नसतंस. मी तुला ओळखतो." ते पहिल्यांदा वळले. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर धाकट्याला बरे वाटले असते. "त्यानं बाहेर पाऊल टाकलं तर चार कारखाने त्याला खुर्ची देऊन बसवतील. तुला कोण घेणार होतं? एक मुलगा जाणारच होता. जो बाहेर टिकेल तो मी जाऊ दिला."

"आणि आज तो परत येतो म्हणतोय."

"मग कर फोन. माझ्याकडे काय बघतोस."

त्याने फोन लावला. बऱ्याच वेळाने दादाने उचलला; मागे यंत्रांची घरघर होती.

"बोल, मोजपट्टी."

"दादा, ते दवाखान्याचं माप."

"सही झाली रे," दादा म्हणाला. "अकरा वाजताच."

"आई म्हणाली संध्याकाळपर्यंत मुदत आहे."

"मुदत होती. मी सकाळपासून फोन पुढ्यात ठेवून बसलो होतो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबणार होतो, पण इथली पोरं विचारायला लागली कोणाची वाट बघताय. किती हसू करून घ्यायचं स्वतःचं."

"चूक माझी होती," धाकटा म्हणाला. वाक्य खरेच लहान होते. त्याला वाटले होते त्यापेक्षा कितीतरी लहान.

"हं," दादा म्हणाला. "ऐकलं. आईला सांग, दर रविवारी फोन करीन."

"दादा, सही मोडता येत नाही?"

"येत असेल. पण आता नाही मोडायची." मग, बाजू बदलल्यासारखा, त्याने विचारले, "काय काम आहे सध्या?"

"एका बाईंची खिडकी. तीन पानं. डावीकडे एक, खांब, मग जोडी."

"जोडीला खाच ठेवलीस ना? दोन पानं मिळतात तिथं? एक पान दुसऱ्यावर चढलं पाहिजे, नाही तर सूट कितीही बरोबर सोड, मधून रेघ दिसणारच. तू विसरतोस ते. मागच्या वेळी आईनं तुझ्या कामाचा फोटो पाठवला होता, कुणा डॉक्टरीणबाईंच्या घरचा, त्यातही नव्हती."

"ठेवलीय," धाकटा म्हणाला.

फोन बंद झाल्यावर त्याने वही उघडली. आकृतीत चौकट होती, खांब होता, पाने होती, दांड्या होत्या, बिजागऱ्यांच्या खुणासुद्धा होत्या. खाच नव्हती. बाईंना एकेक भाग नावाने समजावून सांगताना त्याने तिचा उल्लेखही केला नव्हता. त्याने मागची पाने उलटली. दोन वर्षांत त्याने स्वतः कापलेल्या जोड्या एकामागून एक येत गेल्या. काहींत खाच होती, तीही बाबांच्या अक्षरात, निळ्या पेनाने मागाहून घातलेली. बहुतेकांत नव्हती. बाबा पुन्हा घासायला लागले होते. त्यांनी त्याच्याकडे पाहिले नाही, आणि चूक दिसली तरी असे न बघणे ही त्यांची नेहमीचीच रीत होती, हे आता त्याला कोणी सांगावे लागत नव्हते.

दादाला हे काम येत होते. धाकट्याला येत नव्हते.